निकालाच्या तक्त्यात न बसणारे मूल

शाळेच्या स्मरणिकेत काही पाने ठरलेली असतात. संस्थेची वाटचाल, आजी-माजी पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली आणि दहावीच्या निकालाचा वर्षवार तक्ता. पालक हा तक्ता सर्वांत आधी उघडतात. माजी विद्यार्थी त्यात आपले साल शोधतात, आपल्या तुकडीची टक्केवारी पुढच्या-मागच्या तुकड्यांशी ताडून पाहतात आणि जुन्या सवंगड्यांना दूरध्वनी करतात. त्यात वावगे काहीच नाही. ज्या समाजाच्या मागील पिढ्यांना पाटी शिवण्याची मुभा नव्हती, त्या समाजाने आपल्या लेकरांच्या गुणांचा हिशेब अभिमानाने छापावा, हे योग्यच आहे.

मला मात्र या पानांवर त्या तक्त्यात जे मूल येतच नाही त्याच्याविषयी लिहायचे आहे. जे नापास झाले त्याच्याविषयी नव्हे. नापास झालेल्याची निदान नोंद तरी होते. जे परीक्षेपर्यंत पोचलेच नाही, जे चौथीत, सातवीत किंवा नववीत हळूच गळाले, किंवा ज्याला आपण प्रवेशाच्या वेळीच ‘हे टिकायचे नाही’ म्हणून परत पाठवले, ते मूल. निवासी शाळा ही संस्था मुळात कोणासाठी निर्माण झाली, हा प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबतो. या प्रश्नाचे उत्तर आपल्याला नव्याने शोधावे लागत नाही. ते एकोणिसाव्या शतकात महात्मा फुले यांनी लिहून ठेवले आहे.

१८८२ साली सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्या आयोगापुढे फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे एक निवेदन पुण्याहून सादर केले. फुले यांचे नाव आपण सारेच घेतो, त्यांची जयंती करतो. परंतु हे निवेदन मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी सलग वाचले असेल. ते जरूर वाचावे. त्यात भाषणबाजी नाही, गावातील शाळेचा अनुभव असलेल्या माणसाचा हिशेब आहे. त्या निवेदनानुसार मुंबई इलाख्यातील जवळजवळ नऊ-दशांश गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नव्हती. शेतकरी जमिनीवर पट्टी भरत होता, शिक्षणाच्या नावाने वेगळा उपकर भरत होता आणि त्याचेच मूल शाळेबाहेर होते. म्हणून या उपकराच्या निधीतील निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची मागणी होती. किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना पुरेसे वेतन द्यावे, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटत नाही आणि जो खालच्या थरांतील लोकांत मिसळू शकतो असा शिक्षक गावाला द्यावा, असेही त्यांनी सुचवले.

पण माझ्या मते त्या निवेदनाचा गाभा निराळा आहे. मूल शाळेत का येत नाही, याची दोन वेगवेगळी कारणे त्यांनी वेगवेगळी मांडली. महार, मांग आदी जातींची मुले वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू दिली जात नाहीत, म्हणून ती प्रत्यक्षात सर्व शाळांतून वगळली गेली आहेत, हे पहिले. त्यांच्यासाठी काढलेल्या खास शाळा केवळ मोठ्या शहरांत आहेत. खुद्द पुण्यात या लोकांची वस्ती ५,०००हून अधिक असूनही शाळा एकच आहे आणि तिची हजेरी ३०च्या आत आहे, असे त्यांनी नोंदवले. दुसरे कारण कुणबी, माळी अशा कष्टकऱ्यांच्या मुलांचे. त्यांना दाराशी कोणी अडवत नाही; पण अत्यंत दारिद्र्यामुळे आईबापांना ही मुले गुरे राखायला आणि शेताची राखण करायला लागतात. जी थोडी येतात तीही फार काळ टिकत नाहीत, कोठे काम मिळाले की शाळा सोडतात.

एका मुलाला दार बंद होते, दुसऱ्याला वेळ नव्हता. अस्पृश्याच्या मुलाला तर ही दोन्ही कुलुपे एकदम होती. पुढच्या सव्वाशे वर्षांत आपण पहिल्या कुलुपाशी प्राणपणाने झुंजलो. दुसऱ्याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही, आणि आजच्या गळतीचे मूळ तेथेच आहे.

पहिल्या कुलुपाची हकिकत येथे थोडक्यात सांगतो, कारण आपल्या नव्या पिढीला ती ठाऊक असतेच असे नाही. १८५६च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. मुलाने सरकारकडे दाद मागितली. मुंबई सरकारचे उत्तर असे होते की, न्याय त्या मुलाच्या बाजूने आहे. परंतु एकासाठी सक्ती केली तर इतर मुले शाळा सोडतील आणि शाळा ओस पडेल. प्रकरण वरपर्यंत, लंडनपर्यंत गेले. अखेर १८५८ साली सरकारने जाहीर केले की संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन आयोगाला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात हे सारे प्रकरण कागदपत्रांसह मांडले आहे. १८५८चा तो निर्णय आणि १८८२चे फुले यांचे निवेदन यांच्यामध्ये २४ वर्षे गेली. तरीही फुले यांना ‘प्रत्यक्षात वगळलेले’ हेच शब्द वापरावे लागले. त्याहीनंतर साताऱ्याच्या शाळेत बालपणी बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत होते आणि शिपाई असेल तरच त्यांना पाणी मिळत होते. कागदावर दार उघडल्याने वर्गात जागा मिळत नाही, हे आपल्या समाजाने अंगावर झेलून शिकलेले आहे.

आता दुसरे कुलूप. त्यासाठी आपल्या वऱ्हाडाकडे यावे लागेल. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३च्या तहाने निजामाने तो इंग्रजांकडे सोपवला आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. येथील सरकारी शाळांचे खाते १८६०च्या दशकात उभे राहिले. त्याच दशकात वऱ्हाडाचे सारे जीवन बदलून टाकणारी एक घटना सातासमुद्रापार घडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. बडनेऱ्यावरून जाणारी आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली. कापसाला भाव आला, बाजार वाढले, जिनिंगचे कारखाने आले.

पैसा आला तर शाळा भरल्या असतील, असे आपल्याला सहज वाटते. पण कापूस हे पीक हातांवर चालते. पेरणी, निंदण, डवरणी आणि मग महिनोन् महिने वेचणी. बोंड फुटले की ते वाट पाहत नाही. आणि वेचणीला उंची लागत नाही, ताकद लागत नाही, लहान बोटे चालतात. शेतमालकाला भाव मिळाला तसे मजुराच्या मुलाच्या बोटांचेही मोल झाले, आणि जे मूल कमावू शकते त्याला शाळेत बसवणे हा घरच्या भाकरीतून केलेला खर्च ठरतो. आपल्या भागात सीतादही होऊन वेचणीला आरंभ झाला की शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या रेघा वाढू लागतात, हे या तालुक्यात शिकवलेल्या कोणत्याही गुरुजींना विचारावे. दीडशे वर्षांत बियाणे बदलले, बाजार बदलला, काही शिवारांत कापसाची जागा सोयाबीनने घेतली. हजेरीच्या त्या रेघा बदलल्या नाहीत.

गंमत अशी की, हा कापूस ज्या देशात जात होता तेथेही गरिबांच्या मुलांची दशा फार वेगळी नव्हती. १८४४च्या कायद्याने लँकेशायरच्या गिरण्यांत ८ ते १३ वर्षांच्या मुलांना अर्धा दिवस यंत्रापाशी आणि दिवसाचे तीन तास शाळेत बसवण्याची सोय केली होती. म्हणजे वऱ्हाडातील मूल बोंड वेचत होते आणि तिकडचे मूल त्याच कापसाच्या धाग्यापाशी उभे होते. इंग्लंडच्या खेड्यांतही हेच. शेतावर पाखरे हाकलणे, दगड वेचणे, बटाटे काढणे, कापणीनंतर सांडलेली कणसे गोळा करणे ही मुलांची कामे. शेतमजुरांची पहिली मोठी राष्ट्रीय संघटना १८७२ साली उभी करणारे आणि पुढे संसदेत गेलेले जोसेफ आर्च नवव्या वर्षी पाखरे हाकलायला लागले होते. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या पोराला त्यांची गोष्ट सांगायला दुभाष्या लागला नसता.

या इंग्रजी खेड्यांतील शाळांविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथे केलेली एक चूक आज आपल्या उंबरठ्यावर उभी आहे. त्या शाळा बहुधा चर्चच्या देखरेखीखाली चालत. १८११ साली स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने गावोगाव त्या काढल्या. एका शिक्षकाने मोठ्या मुलांकरवी शेकडो लहान मुलांना शिकवायचे, ही त्यांची स्वस्त रीत अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत प्रथम राबवली आणि मायदेशी नेली. गरिबांना थोडे वाचता यावे, धर्म कळावा आणि त्यांनी आपली पायरी ओळखून राहावे, एवढीच तेथील अनेक आश्रयदात्यांची अपेक्षा होती. सरकार या शाळांना अनुदान देई. खर्च वाढू लागला तेव्हा रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने १८६२ साली एक नवा नियम लागू केला. इतिहासात तो ‘निकालानुसार मोबदला’ म्हणून ओळखला जातो.

नियम असा होता. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे शाळेला जास्तीत जास्त १२ शिलिंग मिळत. त्यांतील ४ सरासरी हजेरीवर आणि ८ परीक्षेवर. निरीक्षक वर्षातून एकदा येई आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांत प्रत्येक मुलाला तपाशी. एका विषयात मूल चुकले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. शिवाय परीक्षेला बसायला मुलाची २००हून अधिक सत्रांची हजेरी लागे. वाचताना हे किती रास्त वाटते! काम दाखवा, पैसे घ्या. आजही एखाद्या सभेत कोणी असा ठराव मांडला तर टाळ्या पडतील.

परिणाम काय झाला, हे त्या काळचे शाळातपासनीस आणि कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी पुनःपुन्हा लिहिले. शिक्षकाचा पगार निरीक्षकाच्या एका दिवसावर लटकू लागला. मुले पाठ्यपुस्तक न वाचता घोकू लागली. पुस्तक उलटे धरले तरी पाठ बिनचूक येई, अशा कथा प्रसिद्ध आहेत. तीन विषयांबाहेरचे जे जे, ते ते मागे पडले. मला सर्वांत बोचते ती गोष्ट मात्र त्या २०० सत्रांच्या अटीत दडलेली आहे. पाखरे हाकलायला गेलेले मूल २०० सत्रे भरू शकत नव्हते. ते परीक्षेला पात्र नव्हते, म्हणून त्याने शाळेला ते ८ शिलिंग मिळवून दिले नसते. म्हणजे त्याला शिकवण्यात शाळेचे हित उरले नाही. दार उघडे होते, फळा होता, शिक्षक होता. फक्त ते मूल शाळेच्या हिशेबात एक तोटा होऊन बसले. इंग्लंडने १८७० साली गावोगाव शाळांची सोय करणारा कायदा केला, १८८० साली १० वर्षांपर्यंत हजेरी सक्तीची केली, १८९१पासून बहुतेक ठिकाणी फी उठवली आणि १८९०च्या दशकातच निकालाच्या मोबदल्याची ही रीत मोडीत काढली. तीस-पस्तीस वर्षे गरिबांच्या मुलांवर प्रयोग करून मग शहाणपण आले.

आता पुन्हा १८८२च्या पुण्यात येऊ. निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत इकडेही आली होती आणि आयोगापुढे तिची चर्चा होती. फुले यांनी तिच्याविषयी स्पष्ट मत दिले: गरीब आणि अज्ञानात ठेवलेल्या लोकांत शिक्षणाचा प्रसार करायला ती मुळीच उपयोगाची नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण झालेली नाही आणि अशा लोकांत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणी शिक्षक पोट भरू शकणार नाही. तेथे सरकारी शाळा आणि खास उत्तेजन यांनाच पर्याय नाही. शिष्यवृत्त्या द्या, सहामाही-वार्षिक बक्षिसे द्या, मुलाला शाळेत टिकायला कारण द्या. इंग्लंडमधील धुरीणांना जे उमजायला तीन दशके लागली, ते गंज पेठेत बसलेल्या या माणसाने एका परिच्छेदात सांगितले. याचे कारण त्यांच्या प्रतिभेत शोधण्याची गरज नाही. त्यांनी १८४८पासून मुलींच्या, आणि त्यानंतर लवकरच महार-मांगांच्या मुलांच्या शाळा चालवल्या होत्या. मुले कोणत्या महिन्यात आणि का नाहीशी होतात, ते त्यांनी पाहिले होते.

‘खास उत्तेजन’ या दोन शब्दांतून पुढे जे उगवले त्याचे नाव वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५च्या आरंभी सोलापूरला वसतिगृह उघडले. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले. नागपुरात किसन फागू बनसोडे यांनी १९०७मध्येच मुलींच्या शाळेचा प्रयत्न केला होता, आणि कामठी-नागपूर वाटेवर प्रवाशांची ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरी यांनी पुढे चोखामेळा कन्याशाळा उभी केली. जाईबाईंचे नाव आपल्या शाळांच्या भिंतींवर फारसे दिसत नाही, हे मला नेहमी खटकते. शिक्षिकेच्या नोकरीवर असताना जातीच्या कारणावरून त्यांना कामावरून दूर करण्यात आले होते. त्यानंतर त्यांनी शाळा काढली.

वसतिगृहाने काय केले? त्याने मुलाला वेळ दिला. भाकरीचा भार घरावरून उचलला, वेचणीच्या हंगामात मुलाला शिवारापासून दूर ठेवले, रात्रीच्या दिव्याची सोय केली. शाळेचे दार कायद्याने उघडता येते, परंतु मुलाचा वेळ कायद्याने सोडवता येत नाही; त्यासाठी कोणीतरी पीठ-मीठ-तेल गोळा करावे लागते. आपल्या समाजातील जुन्या माणसांनी गावोगाव मूठमूठ धान्य मागून जी वसतिगृहे चालवली, त्यांची थोरवी याच व्यवहारात होती. आपली निवासी शाळा त्याच परंपरेतील आहे. ती एखाद्या नामवंत विद्यालयाची छोटी आवृत्ती म्हणून जन्माला आलेली नाही.

आणि म्हणूनच अलीकडे निवासी शाळांत रुजत चाललेल्या काही प्रथा मला अस्वस्थ करतात. कोणा एका संस्थेकडे बोट दाखवण्याचा हेतू नाही. हे वारे सर्वत्र वाहते आहे. प्रवेशापूर्वी निवड चाचणी घेतली जाते आणि जे मूल वाचू शकत नाही तेच बाहेर राहते; म्हणजे ज्याला वाचायला शिकवायचे तेच. जानेवारीत परतलेल्या स्थलांतरित मजुराच्या मुलाला ‘जूनमध्ये या’ असे सांगितले जाते, आणि जूनमध्ये त्याचे आईबाप पुन्हा वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडावर गेलेले नसले तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला त्याचे नाव लागलेले असते. नववीत कच्चे राहिलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘याला बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरू द्या’ असा सल्ला मिळतो. तो सल्ला मुलाच्या हिताचा म्हणून दिला जातो. हित मात्र शंभर टक्क्यांच्या फलकाचे असते. १८६२च्या इंग्लंडमध्ये २०० सत्रांच्या अटीने जे केले, तेच हा सतरा नंबरचा फॉर्म आपल्या गावात करतो. फरक इतकाच की तिकडे सरकारने सक्ती केली होती. आपण ते आपखुशीने करतो.

यावर माझे काही मित्र, त्यांत माजी मुख्याध्यापकही आहेत, जे आक्षेप घेतात ते उडवून लावण्यासारखे नाहीत. ते म्हणतात, निकाल घसरला की पालक मुले काढतात, पट घसरतो, संचमान्यतेत शिक्षकांची पदे जातात आणि मग गरिबांसाठीही शाळा उरत नाही. खरे आहे. शासनाने २०१७च्या अखेरीस दहाहून कमी पटाच्या १,३००वर शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पटाचे भय काय असते ते आपण पाहिले. दुसरा आक्षेप असा की, आपल्या समाजातील मुलाने आता कोठेही मागे राहू नये. अधिकारी, डॉक्टर, अभियंते घडवायचे तर स्पर्धा हवीच. हेही नाकारता येत नाही. सवलतीच्या गुणांवर समाधान मानणारी शाळा मला नको आहे.

पण ज्या घरात दोन पगार येतात, ज्यांची मुले यवतमाळ-अमरावतीच्या इंग्रजी माध्यमांच्या शाळांत बसतात, त्या घरांना आपली शाळा आपली प्रतिष्ठा वाढवणारी हवी असते. ते स्वाभाविक आहे. मात्र त्यांच्या प्रतिष्ठेचा खर्च पारधी बेड्यावरच्या, कोलाम पोडावरच्या, तांड्यावरच्या आणि आपल्याच वस्तीतील रोजमजुराच्या मुलाने द्यावा, हे न्यायाचे नाही. एके काळी धारवाडच्या त्या मुलाला सांगितले गेले की तुला घेतले तर शाळा ओस पडेल. आज आपण कच्च्या मुलाला सांगतो की तुला घेतले तर निकाल पडेल. वाक्याची घडण तीच आहे, फक्त ते उच्चारणारे बदलले. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण स्मरणिकेत केवळ गोड लिहायचे असेल तर ते काम निमंत्रणपत्रिकाही करते.

मग करायचे काय? निकालाचा तक्ता काढून टाकावा, असे मी म्हणत नाही. त्याच्याशेजारी आणखी एक तक्ता असावा. पाचवीत किती मुले आली, त्यांतील किती दहावीपर्यंत पोचली आणि जी पोचली नाहीत ती कोठे गेली. ६० मुले आली आणि ५८ दहावीला बसून ४५ उत्तीर्ण झाली, ती शाळा मोठी. की ६० आली, ३० बसली आणि ३०च्या ३० उत्तीर्ण झाली, ती मोठी? दुसऱ्या शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फलक लागेल. पहिलीने १५ मुले अधिक उत्तीर्ण केली आहेत, हे फलकावर कोठे लिहिणार?

प्रवेशाच्या काही जागा चाचणीशिवाय द्याव्यात, आणि त्या देताना गुणपत्रिका न पाहता घरची स्थिती पाहावी: आईबाप हंगामात बाहेर जातात का, घरात कमावता हात एकच आहे का, धाकटी भावंडे कोण सांभाळते. मुलींच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न आधी विचारावा. हंगामी वसतिगृहाची शासकीय योजना स्थलांतराच्या काळापुरती असते. आपल्याला बारमाही छप्पर देता येते, हेच आपले बळ आहे. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलासाठी वेगळी तुकडी नको, पण संध्याकाळचे दोन तास देणारा एक माणूस हवा. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती नेमकी येथे आहे. सभागृहाच्या बांधकामाला, कमानीला, संगमरवरी फलकाला आपण देणगी देतो आणि त्यावर नाव कोरले जाते. संध्याकाळी वाचन शिकवणाऱ्या माणसाच्या मानधनावर नाव कोरता येत नाही. तरी ते द्यावे. आपल्यापैकी कितीतरी जण आज सेवानिवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी तर पैशांऐवजी ते दोन तासच द्यावेत.

शिक्षकांविषयीही एक शब्द. गाव ओळखणारा शिक्षक फुले यांनी मागितला होता. आपल्याकडील पुष्कळ शिक्षक रोज अमरावतीहून किंवा यवतमाळहून ये-जा करतात. त्यांच्या अडचणी मी जाणतो. परंतु मूल तीन दिवस आले नाही तर त्याच्या घरी जाऊन येणारे कोणी असल्याशिवाय हजेरीपट म्हणजे केवळ नोंदवही होते. ती फेरी कोणी मारायची, हे शाळेने ठरवून नेमून द्यावे, आणि त्या फेरीचा वेळ शिकवण्याच्या वेळेइतकाच कामाचा धरावा.

येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा संस्थेच्या कार्यकारिणीने निवड चाचणीचा प्रश्न एकदा सभेपुढे ठेवावा आणि त्या सभेला पालकांबरोबर माजी विद्यार्थ्यांनाही बोलवावे, असे मी सुचवतो. त्याआधी, कार्यालयाच्या कपाटातील गेल्या दहा वर्षांची दाखल-खारीज रजिस्टरे काढून, पाचवीत नोंद झालेल्या पण दहावीला न बसलेल्या प्रत्येक मुलाचे नाव एका कागदावर उतरवून घ्यावे. हे काम एका सुट्टीच्या दिवसाचे आहे. दोन माणसे लागतील. त्यांपैकी एक होण्याची माझी तयारी आहे.